साधू, साधू, साधू

काशीहून सारनाथ दहाएक किलोमीटर. पांडेपूरची गर्दी ओलांडली, आशापूर मागे पडलं, की चौखंडीच्या विटांच्या टेकाडावरचा अष्टकोनी मनोरा दिसायला लागतो. पहाटे मी दशाश्वमेध घाटावर होते. पायऱ्यांवर पिंडदानं चालली होती. मुंडण केलेले मुलगे आईबापांची नावं घेत होते. ती नावं डोक्यात घेऊनच मी धमेक स्तूपापाशी पोचले.

सुमारे २८ मीटर व्यासाचा हा स्तूप. थंडीच्या दिवसांत त्याच्याभोवतीची वाट मोकळी अशी नसतेच. तिबेटी म्हाताऱ्या माळ ओढत प्रदक्षिणा घालत होत्या. खालच्या दगडांवर कुणी कुणी लावलेला सोन्याचा वर्ख चमकत होता. पांढऱ्या कपड्यांतला सिंहली जथा फुलांचं तबक घेऊन आला. तबक आधी हातोहात फिरलं, प्रत्येकाने त्याला बोटं लावली, अगदी कडेवरच्या पोरानेही. फुलं घेतली असतील एखाद्याने; वाहिली मात्र सगळ्यांनी.

जवळच्या एका धर्मशाळेच्या अंगणात यवतमाळकडची बस उभी होती. गॅसच्या शेगडीवर वरण उकळत होतं, बायका वांगी चिरत होत्या. भन्तेजींना, म्हणजे भिक्खूंना, भोजनदान द्यायचं ते मध्यान्हाच्या आत. दुपार कलल्यावर ते जेवत नाहीत. म्हणून सगळी घाई. ताटं वाढून झाली, त्रिसरण-पंचशील झालं, आणि मग एकेका घराने आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घेतलं. या दानाचं पुण्य त्याला लाभो, म्हणून. प्रत्येक नावाला अख्खं अंगण म्हणे, "साधू, साधू, साधू."

मी कडेला उभी होते. एका आजींनी हाताला धरून बसवलं. "तूबी म्हन ना पोरी." मग आपणहून सांगू लागल्या, "आमच्यापाशी दान द्यायले होतं काय? जनम मजुरीत गेला. पन दुसऱ्यानं देल्लं अन् आपुन मनापासून साधू म्हटलं, त आपल्यालेबी पुण्य हाय."

पाली परंपरेत पुण्याच्या दहा वाटा सांगितल्या आहेत. दान ही त्यातली एक. सेवा, वडीलधाऱ्यांचा मान, धम्म ऐकणं, आपलं पुण्य वाटणं आणि दुसऱ्याच्या पुण्याने आनंदणं, याही त्यातच. यांना पैसा लागत नाही. आजींना ही यादी पाठ नसेल, पण तिच्या आधारावर त्यांनी आयुष्य काढलं होतं.

ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञा आहे. पुढच्याच महिन्यात ते इथे, सारनाथला येऊन गेले. ६ डिसेंबरला त्यांचं निधन झालं. अंगणात चाललेलं हे पुण्यानुमोदन म्हणजे नाव बदललेलं श्राद्धच, असं म्हणणारे मला भेटले आहेत. मला ते मुळीच पटत नाही. त्या अंगणात मेलेल्याला कुणी जेवू घालत नव्हतं. त्याच्या नावाने जिवंत माणसं एक चांगलं काम करत होती, आणि ते करायला ना मुलगा असावा लागत होता, ना विशिष्ट जात. आपल्या नवऱ्याचं नाव आजींनी स्वतःच घेतलं.

संध्याकाळी मूलगंधकुटी विहारात गेले. अनागारिक धर्मपालांच्या खटपटीतून १९३१ साली उघडलेला हा विहारही दानातूनच उभा राहिला. त्यांच्या कार्याला मोठा हात देणाऱ्या मेरी फॉस्टर होनोलुलूच्या. आत कोसेत्सु नोसु या जपानी चित्रकाराची भित्तिचित्रं. धम्मचक्कसुत्ताचा पाठ सुरू झाला तेव्हा सिंहली जथा आणि यवतमाळच्या बायका एकाच सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या होत्या.

बाहेर आल्यावर आजींनी विचारलं, "तुह्ये वडील हायेत?"

नाहीत म्हटलं.

"नाव सांग. आमची गाडी आता बोधगयेले चालली."

नातवाने वही उघडली. गावातल्या ज्यांना येणं जमलं नाही त्यांच्या गेलेल्या माणसांच्या नावांनी दोन पानं भरली होती. शेवटचं नाव सकाळी भेटलेल्या एका बनारसी रिक्षावाल्याच्या आईचं होतं. त्याखाली नातवाने माझ्या वडिलांचं लिहिलं आणि गावही विचारून घेतलं.