लोड लावून बघ

पुण्यातून इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन मी मिशिगनला गेलो, तेव्हा मला सर्किट सोडवता येत होतं. दुरुस्त करता येत नव्हतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मला ठाऊक नव्हतं. परीक्षेत आकृती काढताना अर्थच्या जागी तीन आडव्या रेघा मारायच्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं, एवढाच माझा अर्थशी संबंध. त्या तीन रेघा प्रत्यक्षात कुठल्यातरी पत्र्याला स्क्रूने आवळलेल्या असतात आणि तो स्क्रू गंजतो, हे मला एका माणसाने दाखवलं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून इथेही काकाच.

काका मूळचे सांगलीचे. डिप्लोमा करत असताना ते ट्रकच्या एका गॅरेजमध्ये वायरमनच्या हाताखाली काम करायचे. सत्तरच्या दशकात ते डेट्रॉइटला आले आणि गाड्यांच्या वायरिंगवर काम करता करता निवृत्त झाले. आमची ओळख मंडळाच्या गणेशोत्सवात झाली. मखराची दिव्यांची माळ पेटत नव्हती आणि आम्ही सगळे तरुण इंजिनिअर प्लग हलवून बघत होतो. काकांनी खिशातून एक बल्ब काढला. त्याला दोन तारा जोडलेल्या होत्या. माळेवर तो थोडा थोडा पुढे सरकवत त्यांनी तुटलेली जागा शोधली आणि बाहेर चहाला गेले. मी त्यांच्या मागे गेलो. पुढे अनेक वर्षं मी त्यांच्या मागेच राहिलो.

त्या काळात मला स्पोर्ट्स कारचं वेड होतं आणि खिशाला परवडेल अशी एकच मिळाली, 1986 सालची पाँटिअॅक फिएरो. ही दोन माणसांची गाडी मिशिगनमधल्याच पाँटिअॅक गावी बनायची. 1984 ते 1988 या मॉडेल वर्षांत अशा 3,70,168 गाड्या निघाल्या. इंजिन सीटच्या मागे, सांगाडा पोलादी आणि त्यावर बोल्टने बसवलेले प्लास्टिकचे पॅनेल. मागचं एकच झाकण उघडलं की इंजिन दिसतं, त्याच्या मागे सामान ठेवायची डिकी दिसते, आणि बॅटरीही तिथेच. कारखान्याने त्या झाकणाला चावीची सोय दिलेली होती. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने मात्र रुंद टायर, नवा एक्झॉस्ट आणि रिमोट बसवताना मागचं कुलूप काढून टाकलं होतं, आणि ती जागा फिलर भरून, रंग मारून गुळगुळीत केली होती. झाकण आता फक्त विजेवर उघडायचं. मला ते फार देखणं वाटायचं. बॅटरी बसली तर बॅटरीपर्यंत पोचायचं कसं, असा प्रश्न मला गाडी घेताना पडला नाही.

त्या थंडीत बटण दाबलं की मागून नुसता ‘टिक’ असा आवाज यायचा, झाकण जागचं हलायचं नाही. ऊन पडलं की कधीतरी उघडायचं. अशाच एका उबदार दुपारी ते उघडलं तेव्हा मी झाकणाचा खटका ओढणाऱ्या सोलेनॉइडचा कनेक्टर काढून मीटर लावला. 12.6 व्होल्ट. वीज पुरेशी येते आहे, म्हणजे सोलेनॉइडच गेला, असा निष्कर्ष काढून मी नवा मागवून बसवला. पुन्हा गारठा पडला आणि पुन्हा ‘टिक’. मी काकांना फोन केला.

“आवाज येतो ना?” त्यांनी विचारलं.

“टिक येतो.”

“मग बरं आहे. काहीच आवाज नसता तर जास्त फिरावं लागलं असतं. येतो मी.”

ते आले आणि त्यांनी गाडीच्या मागे एक फेरी मारली. कुलपाच्या जागेवरून बोट फिरवलं, पण त्याबद्दल काही बोलले नाहीत. “इंजिन सुरू कर,” म्हणाले. मी केलं. “आता मी झाकण खाली दाबतो. मी हो म्हटलं की बटण दाब.” त्यांनी दोन्ही तळवे टेकवून झाकणावर भार दिला, हो म्हणाले, मी बटण दाबलं आणि झाकण उघडलं.

मी चकित झालो. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. इंजिन सुरू झालं की आल्टरनेटरमुळे साडेबाराच्या जागी चौदाच्या वर व्होल्ट मिळतात. सोलेनॉइडची ओढ साधारण करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून तेवढ्या फरकानेही ती पाव पटीने वाढते. आणि झाकणाखालचा रबर ते वर ढकलत असतो, त्यामुळे लॅचचा खटका आवळून बसतो. वरून दाब दिला की तो ढिला होतो. “आता तुझा मीटर आण,” ते म्हणाले.

त्यानंतरचा अर्धा तास माझ्या चार वर्षांच्या शिक्षणाइतका मोलाचा होता, असं मी आजही मानतो. मी पुन्हा कनेक्टर काढायला लागलो तर त्यांनी हात धरला. “तो जोडलेला राहू दे. अरे, मीटर काही काम करत नाही, नुसता बघतो. तार एका केसावर लोंबत असली तरी तो 12 दाखवणार. लोड लावून बघ.” मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक सोलेनॉइडच्या अर्थच्या टोकाला. मग बटण दाबायचं, पण क्षणभरच, नाहीतर कॉइल तापते. ही वाट चांगली असती तर मीटरने जेमतेम काही दशांश व्होल्ट दाखवले असते. दिसले सहाच्या आसपास. म्हणजे जे बळ सोलेनॉइडला मिळायला हवं होतं, त्यातलं निम्मं परतीच्या वाटेवरच खर्च होत होतं.

ते त्यांनी खडूने जमिनीवर मांडून दाखवलं. सोलेनॉइडचा रोध एक ओहम धरला, तर 12 व्होल्टला 12 अँपिअर जातात. वाटेत गंजलेल्या जोडाने आणखी एक ओहम घातला की सहाच जातात, आणि ओढ निम्मी नव्हे, जवळजवळ चौथाई उरते. ओहमचा नियम मला शाळेपासून पाठ होता. पण तो माझ्या गाडीच्या झाकणाखाली बसला असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

जोड सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याच्या गाडीत अर्थ कुठेही मिळतो. प्लास्टिकच्या पॅनेलमधून तो मिळत नाही. आधीच्या मालकाने अर्थची तार पॅनेलमागच्या एका लोखंडी पट्टीला आवळली होती. ती पट्टी सांगाड्याला टेकत होती ती एका स्क्रूने, तीही रंगावरून. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात. त्याने तो स्क्रू पुरता खाल्ला होता. ऊन पडलं की झाकण उघडायचं, याचं कारण मात्र वेगळं होतं. लॅचमधलं जुनं ग्रीस थंडीत घट्ट व्हायचं आणि नेमकी तेव्हाच ओढ कमी पडायची. दोन दोष एकमेकांच्या आड लपले होते. मी एकालाही हात न लावता तिसरीच वस्तू बदलली होती.

दुरुस्ती काकांनी मला करायला लावली. ते स्टुलावर बसून सांगत राहिले. आधी लॅच धुऊन, नवं ग्रीस लावून, स्क्रूड्रायव्हरने हाताने चालवून बघ. विजेला दोष देण्याआधी लोखंडाला विचार. मग सांगाड्यावरचा रंग चकाकेपर्यंत खरवड आणि जाड तार थेट तिथे आण. रिमोटच्या डबीतून निघणारा करंट फक्त रिले ओढण्यापुरता असतो. त्याने रिले ओढायचा आणि सोलेनॉइडचा भार रिलेने फ्यूजमधून घ्यायचा. कॉइलवर उलटा डायोड टाक. बटण सोडल्यावर कॉइल जो उलटा झटका देते, त्याने संपर्क जळतात. शेवटी त्यांनी सायकलच्या ब्रेकची केबल मागितली आणि लॅचपासून सीटच्या मागे, सहज नजरेत येणार नाही अशा जागी तिचं टोक आणून ठेवायला लावलं.

मी विचारलं, आता सगळं नीट चालतंय, मग ही कशाला? अमेरिकेत 1 सप्टेंबर 2001 पासून बनणाऱ्या डिकीवाल्या मोटारींना आतून उघडायची सोय सक्तीची झाली आहे, ती आत अडकलेल्या माणसासाठी. काका म्हणाले, “आत माणूस अडकला तर कायदा आहे. बॅटरी अडकली तर आपली केबल.”

2009 साली माझी नोकरी गेली. डेट्रॉइटच्या आसपास तेव्हा ते कुणाच्याही घरी घडत होतं. जनरल मोटर्सने जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती आणि पाँटिअॅक हा ब्रँडही बंद करायचं ठरलं होतं. मी घरात बसून राहू लागलो. काकांनी समजूत घातली नाही. त्यांनी त्यांच्या गॅरेजमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जुन्या गाड्या आणवल्या आणि मला बोलावणं पाठवलं. कुणाची काच वर जात नव्हती, कुणाचे दिवे मिणमिणत होते. काकू दुपारी जेवायला हाक मारायच्या. मला वाटायचं मी काकांना मदत करतोय. त्यांना मदतीची गरज नव्हती, हे मला फार नंतर उमगलं.

पुढे टेस्टिंगच्या एका कामासाठी मुलाखत होती. समोरच्या बाईंनी विचारलं, कनेक्टरवर पूर्ण व्होल्टेज दिसतं, तरी मोटर फिरत नाही. पहिलं काय कराल? मी सोलेनॉइडची सगळी हकीकत सांगितली आणि हे मी कुणाकडून शिकलो तेही सांगितलं. ते काम मला मिळालं. आज माझ्या हाताखाली नवी मुलं येतात आणि मोकळ्या कनेक्टरला मीटर लावून माझ्याकडे विजयी मुद्रेने बघतात, तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. तसा यायचा मला अधिकारही नाही.

काकांनी माझ्याकडून कधी पैसे घेतले नाहीत. एकदा मी नवा, महागडा मीटर भेट दिला. तो त्यांनी नीट पुसून कपाटात ठेवला आणि बल्बच वापरत राहिले. गाडी मी पुढे एका तरुण मुलाला विकली. काका तोवर मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेले होते. गाडी विकल्याचं फोनवर सांगितलं तर किंमत किती आली, ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, “त्याला केबल कुठे आहे ते दाखवलंस ना?”

दाखवली होती. दोनदा ओढूनही बघायला लावली होती.