मोंझाहून मानहाइमकडे

मोटारशर्यतींच्या वेडापायी युरोपात फिरणाऱ्याची यात्रा बहुधा मोंझाला संपते. माझी मोंझाहून सुरू झाली. ज्याच्या मागावर मी निघालो होतो त्याचं आयुष्य १० सप्टेंबर १९६१ रोजी इथे संपलं, आणि त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण इथेच लेखणी खाली ठेवतात. वोल्फगांग ग्राफ बेर्गे फॉन ट्रिप्स हे त्याचं नाव. ऱ्हाइनलँडमधल्या जुन्या सरदार घराण्याचा एकुलता एक मुलगा, फेरारीचा ड्रायव्हर आणि जर्मनीचा पहिला जगज्जेता होता होता राहिलेला माणूस. हुकलेल्या विजेतेपदाची ही कथा इतकी चटका लावणारी आहे, की त्याच्या हातून झालेलं दुसरं एक काम तिच्यामागे झाकलं जातं. आल्प्स ओलांडून ऱ्हाइनच्या काठाने उत्तरेकडे, म्हणजे त्याच्या मरणाकडून त्याच्या घराकडे, असा उलटा प्रवास केला की ते काम दिसू लागतं. ट्रिप्सचं मोठेपण मोंझात शोधू नये, त्याच्या गावाजवळच्या गो-कार्टच्या ट्रॅकवर शोधावं, असं माझं म्हणणं आहे.

मिलानहून रेल्वेने मोंझा जेमतेम पंधरा मिनिटांवर. गावात राजवाडा, आणि राजवाड्यामागे भिंतीने वेढलेलं अफाट उद्यान. नेपोलियनच्या सावत्र मुलाच्या अमदानीत, १८०५ मध्ये, ते आखलं गेलं. या राजेशाही उद्यानाच्या पोटात १९२२ मध्ये शर्यतीचा ट्रॅक बांधला. आजही झाडांच्या सावलीतून चालत गेलं की १९५५ साली बांधलेल्या जुन्या, तिरप्या काँक्रीटच्या वळणांपर्यंत पोचता येतं. त्यांचा चढ इतका उभा आहे की त्यावर हातपाय टेकूनच चढावं लागेल. १९६१ ची इटालियन ग्रां प्री ही तिरपी वळणं आणि सपाट रस्ता जोडून झालेल्या दहा किलोमीटरच्या ट्रॅकवर झाली. ट्रिप्सचे ३३ गुण होते आणि त्याच संघातल्या फिल हिलचे २९. सर्वांत पुढची जागाही ट्रिप्सलाच मिळाली होती. सुरुवातीला तो मागे पडला आणि दुसऱ्या फेरीत पाराबोलिका वळणाच्या अलीकडे त्याच्या आणि जिम क्लार्कच्या गाडीची चाकं एकमेकांना लागली. फेरारी उसळून बाजूच्या बांधावर चढली आणि कुंपणाला खेटून उभ्या असलेल्या लोकांवर गेली. ट्रिप्स आणि पंधरा प्रेक्षक मरण पावले. शर्यत थांबवली गेली नाही. ती हिलने जिंकली, आणि ३४ विरुद्ध ३३ अशा एका गुणाने जगज्जेतेपदही.

पहिला आक्षेप इथेच उभा राहतो, आणि तो सर्वांत जड आहे. पंधरा माणसं जिथे गेली तिथे ड्रायव्हरच्या मोठेपणाची चर्चा करायचीच कशाला? हा अपघात एकटा-दुकटाही नव्हता. चार वर्षांपूर्वी, मे १९५७ मध्ये, मिल्ले मिलिया शर्यतीत स्पेनचा मार्क्विस आल्फोन्सो दे पोर्तागो याची फेरारी गुइदित्सोलो गावाजवळ लोकांत घुसली. तो, त्याचा जोडीदार आणि नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नऊ जणांत पाच मुलं होती. त्याच शर्यतीत ट्रिप्स दुसरा आला होता. सरदारांनी हौसेने पत्करलेल्या जोखमीची किंमत रस्त्याकडेला उभ्या साध्या माणसांनी मोजली, ही टीका मला खोडून काढता येत नाही आणि काढायचीही नाही. एवढंच म्हणता येईल, की त्या काळी धोका सगळ्याच ड्रायव्हरांच्या वाट्याचा होता. क्लार्क हा स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा होता. लोकांना कुंपणाशी उभं करणारी व्यवस्था आयोजकांची होती. पण म्हणूनच मोंझातल्या मरणाला हौतात्म्य म्हणणं मला पटत नाही. ज्यांनी जोखीम निवडलीच नव्हती, त्या पंधरा जणांसमोर विजेतेपद एका गुणाने हुकल्याची हळहळ फार लहान ठरते.

मोंझाहून उत्तरेकडे निघालं की कोमोचं सरोवर मागे पडतं आणि स्वित्झर्लंड सुरू होतं. २०१६ पासून रेल्वेगाड्या गोटहार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून आल्प्स पार करतात. ट्रिप्सच्या काळी रस्त्याने जायचं तर मोटारीला घाट चढूनच जावं लागे, कारण रस्त्याचा बोगदा १९८० मध्ये झाला. या लांबच लांब अंधारात दुसऱ्या आक्षेपाचा विचार करायला सवड मिळते. तो असा: पैसा आणि खानदान नसतं तर ट्रिप्स फेरारीत बसलाच नसता. पहिल्या पायरीपुरतं हे खरं आहे. जर्मनीत सरदारांचे विशेषाधिकार १९१९ च्या राज्यघटनेने संपवले आणि ग्राफ ही पदवी नावाचा एक भाग होऊन उरली. आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले तरी त्यांचे वाडे राहिले, तशीच ट्रिप्सच्या घराण्याची शेतीवाडी आणि गढी टिकली होती. त्याने शेतीचं शिक्षण घेतलं ते ती सांभाळण्यासाठीच. जुनी पोर्शे घेऊन शर्यतींत उतरण्याइतका पैसा आणि वेळ त्याच्याकडे होता, तो गवंड्याच्या मुलाकडे नसता. पण खानदानाचा उपयोग तिथपर्यंतच. घरच्यांना कळू नये म्हणून सुरुवातीला तो टोपणनावाने उतरायचा, म्हणजे ज्या नावाचा फायदा मिळाला असता तेच त्याने लपवलं. १९६१ च्या मोसमात तर तुलनेला जागाच उरली नाही. हिलचे वडील कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाचे पोस्टमास्तर होते, आणि दोघांकडेही दीड लिटर इंजिनची तीच फेरारी १५६ होती. नेदरलँड्समधल्या झांडव्होर्टला ट्रिप्सने हिलला एका सेकंदापेक्षाही कमी अंतराने मागे टाकलं, बेल्जियममध्ये हिलने त्याची तशीच परतफेड केली, इंग्लंडमधल्या एंट्रीच्या पावसात पुन्हा ट्रिप्स जिंकला. पोस्टमास्तरचा मुलगा आणि ग्राफ यांच्यात घड्याळाने भेद केला नाही.

बाझेलनंतर ऱ्हाइन सोबतीला येते ती कोब्लेन्झपर्यंत. तिथून रस्त्याने आयफेलच्या डोंगरात वर गेलं की न्युर्बुर्गरिंग लागतं. १९२७ मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक दऱ्या-टेकड्यांवरून इतका वळतो की पुढचं वळण डाव्या हाताला की उजव्या, हे बरेचदा आधी कळत नाही. ऑगस्ट १९६१ मध्ये इथे स्टर्लिंग मॉस पहिला, ट्रिप्स दुसरा आणि हिल तिसरा आला. ट्रिप्स वारंवार गाडी आपटायचा म्हणून त्याची चेष्टाही व्हायची, आणि काही लेखकांनी त्यावरून जिवाची पर्वा नसलेल्या बेफिकीर सरदाराचं चित्र रंगवलं. मला ते आळशी वाटतं. १९५६ मध्ये मोंझाच्या सरावात झालेला त्याचा अपघात स्टिअरिंग निकामी झाल्यामुळे होता. १९५८ मध्ये तो युरोपच्या डोंगरचढ शर्यतींचा विजेता ठरला, आणि त्या प्रकारात एका चुकीलाही माफी नसते. न्युर्बुर्गरिंगची एक गोष्ट मात्र माझ्या मुद्द्याच्या जवळ जाते. ठरलेल्या दिवशी पैसे भरून कोणीही आपली घरची गाडी या ट्रॅकवर चालवू शकतो. चांगला ट्रॅक आपल्याला नुसता बघत ठेवत नाही, आत येऊ देतो. ट्रिप्सने आपल्या गावी हेच केलं, आणि मोठ्यांसाठी नव्हे तर मुलांसाठी.

कोलोनहून पश्चिमेकडे जाणारी लोकल हॉरेम स्टेशनवर थांबते. हॉरेम हा केर्पेन शहराचा भाग, आणि इथेच खंदकाने वेढलेली हेमर्सबाखची गढी, ट्रिप्स घराण्याची. ही खासगी वास्तू आहे, बाहेरूनच पाहावी लागते. ट्रिप्सची अंत्ययात्रा याच गावातून निघाली. शवपेटी एका उघड्या फेरारीवर ठेवली होती आणि खांदा देणाऱ्यांत फिल हिल होता. मूल तेवढं एकच असल्याने घराण्याची ही शाखा त्याच्याबरोबर संपली. वारसा म्हणजे नाव, जमीन आणि दगडी भिंती असं मानलं तर हॉरेममध्ये गोष्ट खरोखरच थांबते.

पण केर्पेनच्या हद्दीतच मानहाइम गाव आहे, किंवा होतं. हाम्बाखच्या अवाढव्य उघड्या लिग्नाइट खाणीसाठी ते उठवलं गेलं आणि वस्ती दुसरीकडे वसवली. या गावालगत एर्फ्टलांडरिंग हा कार्टचा ट्रॅक उभा राहिला. त्याचं मूळ शोधलं तर आपण ट्रिप्सपाशी पोचतो. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेलं कार्ट म्हणजे लोखंडी नळ्यांची चौकट, छोटं इंजिन आणि चार चाकं. त्याला स्प्रिंगा नाहीत, छत नाही, म्हणून शर्यतीच्या गाडीच्या मानाने ते फारच स्वस्त. ऐन विजेतेपदाच्या लढतीत असलेल्या ट्रिप्सने १९६१ च्या सुमारास केर्पेनमध्ये कार्टचा ट्रॅक उभारण्यात पुढाकार घेतला. पुढे केर्पेनचा ट्रॅक चालवायला घेतला तो रॉल्फ शूमाखर नावाच्या गवंड्याने. त्याची बायको तिथलं कँटीन सांभाळायची. दोन मुलगे ट्रॅकवरच वाढले. थोरला, मायकेल, इतरांनी टाकून दिलेले टायर आणि सुटे भाग वापरून जिंकत गेला. १९९४ मध्ये तो जर्मनीचा पहिला जगज्जेता झाला आणि २००० मध्ये फेरारीतून पुन्हा जगज्जेता. ट्रिप्सच्या हातून निसटलेलं जगज्जेतेपद एकूण सात वेळा केर्पेनला आलं.

यावर शेवटचा आक्षेप येतो: ट्रिप्सला हे कुठे ठाऊक होतं? मायकेलचा जन्म १९६९ चा, ट्रिप्स गेल्यानंतर सात वर्षांनी. घडवलं ते आई-वडिलांच्या कष्टांनी आणि स्थानिक मदतगारांच्या पैशाने. हे सगळं मान्य. मी शूमाखरचं श्रेय ट्रिप्सला देत नाही. पण दार उघडणाऱ्याला आत कोण येणार हे माहीत असावंच लागतं का? कोणी यावं याची अट त्याने घातली नाही, यातच त्या कामाची किंमत आहे. ज्या खेळात आपला प्रवेश वाडवडिलांच्या जमिनीमुळे सोपा झाला, त्याची पहिली पायरी त्याने जमीन नसलेल्यांच्या आवाक्यात आणली. आज वरच्या दर्जाचं कार्टिंगही खर्चिक होऊन बसलं आहे आणि धनिकांची मुलंच पुन्हा पुढे दिसतात, हेही खरं. पण त्यावरून ट्रिप्सचं काम फोल ठरत नाही, ते अपुरं राहिलं एवढंच ठरतं. दोन ग्रां प्री विजय आणि हुकलेलं जगज्जेतेपद यांवरून त्याला जोखलं तर तो अनेक चांगल्या ड्रायव्हरांपैकी एक ठरतो. केर्पेनवरून जोखलं तर त्याच्या तोडीचा सरदार या खेळात मला दुसरा दिसत नाही. म्हणून कोलोनला जाणाऱ्या वाचकाला एकच सांगणं: कॅथेड्रल पाहून झाल्यावर अर्धा दिवस राखून ठेवा आणि स्टेशनवर हॉरेमचं तिकीट काढा.