पेढी ते घर, सायकलवर

पुण्याच्या रविवार पेठेतील एका घाऊक व्यापाऱ्याने साठीत हायब्रिड सायकल घेतली. संध्याकाळच्या कोंडीत मोटार अडकली की सूर्यास्तापूर्वीचे भोजन हुकत असे, एवढेच कारण. चिरंजीवांना मात्र हे पेढीस कमीपणा आणणारे वाटले; घरात चार दिवस अबोला होता. व्यापाऱ्याने माल पारखावा तशी सायकल पारखली. स्वस्त सायकलीतील सस्पेन्शन हा बहुधा दिखाऊ दागिना, वजन तेवढे वाढवणारा. म्हणून साधा फोर्क, सरळ हँडल आणि खड्ड्यांसाठी ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर. मडगार्ड व कॅरिअर पुष्कळदा वेगळे घ्यावे लागतात. तो खर्च त्यांनी आधीच भावात धरला. कुलपात काटकसर केली नाही. चिरंजीव अद्याप मोटारीनेच येतात आणि त्यांचे ताट पुष्कळदा झाकलेलेच राहते.