जुना मोबाईल आणि कव्हरातली दहाची नोट



दिवाळी जवळ आली की बऱ्याच घरी हा विषय निघतो. सासूबाईंना किंवा आईला मोबाईल हवा असतो, त्यावर प्रवचन ऐकायचं असतं, नातवंडांना बघायचं असतं. नवा फोन महाग पडतो, म्हणून जुना बघू या असं ठरतं. मागच्या महिन्यात दोघी-तिघींनी मला विचारलं, "ताई, तुम्ही जुना घेतला होता ना? कसा पारखायचा?" पारखायचं कसं ते सांगतेच. पण त्याआधी माझ्याच घरची एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.

२०२४ च्या होळीच्या सुमाराची गोष्ट. आमचं नागभीडला किराण्याचं दुकान. यांचा सगळा दिवस गल्ल्यावर जातो, त्यामुळे खरेदीचं माझ्याकडेच असतं. सासूबाईंसाठी जुना फोन शोधत होते. बाहेरगावच्या एका दुकानात एक छान, चकचकीत फोन दिसला. तसले फोन सात-आठ हजारांना जात होते, हा साडेतीन हजारांना होता. मी बिल विचारलं. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, बिल कुठून आणू जी? गिऱ्हाईक घाईत विकून गेलं. घ्या बिनधास्त."

मी घेतला. गाडीत बसल्यावर आपण किती हुशार, याचाच आनंद होता.

घरी आल्यावर कव्हर पुसायला काढलं. आत चार घड्या घातलेली दहाची नोट निघाली. नोटेला कुंकू लागलेलं. सासूबाई जवळच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी नोट हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "बाई वं, ही तं ओटीतली नोट दिसते. अशी नोट कोणी विकून टाकते काय?"

मी म्हटलं, "विसरली असेल आई, राहू द्या." दुसऱ्या दिवशी मंदिरात गेले तेव्हा ती नोट भंडारात टाकून आले. वाटलं, मिटलं. खरं तर नोटेनं मला सगळं सांगितलं होतं. मलाच ते ऐकायचं नव्हतं.

आषाढात पोलिसांचा फोन आला. आवाज शांत होता, माणूस नीट बोलत होता. "ताई, तुम्ही वापरता तो हँडसेट हरवल्याची तक्रार आहे. एका बाईंचा आहे. आणून जमा करा." सासूबाईंचं सिम त्यात चालू होतं, त्यावरून आम्ही सापडलो होतो. मालकानं हरवलेला फोन सरकारच्या यंत्रणेत नोंदवला की तो बंद करता येतो. पुढे कोणी त्यात सिम घातलं की पोलिसांना माहिती जाते. ही सोय मे २०२३ पासून देशभर सुरू झाली होती. म्हणजे मी फोन घेतला तेव्हा तपासायची सोय होती. मी तपासलं नाही.

फोन नेऊन दिला. साडेतीन हजार गेले, त्याचं फार वाटलं नाही. त्या बाईंना मी पाहिलंही नाही. पण देताना कव्हरात माझी एक दहाची नोट घडी करून ठेवली. ठेवतानाच कळत होतं की ही ती नोट नाही. ती कोणी दिली होती, आईनं, बहिणीनं की सासरी पाठवणी करताना मावशीनं, मला कधीच कळणार नाही. मी ती दान म्हणून टाकून मोकळी झाले होते. दुसऱ्याच्या वस्तूचं दान!

मग दशलक्षण पर्व आलं. आपल्याकडे दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय, रोज एक. सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रतांचा. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चोरीला प्रवृत्त करणं हा पहिला. दुसरा तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणं. पुढे राज्याच्या नियमाविरुद्ध वागणं, मापात कमी-जास्त करणं, आणि खऱ्याच्या नावाखाली बनावट देणं. दरवर्षी वाटायचं, हे दुकानदारांसाठी आहे. आमच्या यांचा काटा कधी दोन ग्रॅम इकडे-तिकडे होत नाही, म्हणून मी निर्धास्त असायची. त्या दिवशी दुसरा शब्द आला आणि मान वर करवेना. शेजारी सासूबाई होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

क्षमावणीला मी सगळ्यांना उत्तम क्षमा म्हटलं. त्या न पाहिलेल्या बाईंनाही मनातल्या मनात म्हटलं.

दिवाळीत दुसरा फोन घेतला, पाच हजार दोनशेला. या वेळी नागपूरचा भाचा बरोबर होता. सीताबर्डीला दुकानातच तासभर बसून सगळं तपासलं. ते आता क्रमानं सांगते.

पहिलं, फोन कोणाचा? डायल करायच्या जागी *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर दिसतात. खोक्यावरचा आणि बिलावरचा नंबर त्याच्याशी जुळवा. मग मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहा, एक जागा सोडून तो नंबर लिहा आणि १४४२२ वर पाठवा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरही हेच तपासता येतं. उत्तरात काळ्या यादीतला, दुबार किंवा आधीच वापरात असलेला असं काही आलं तर फोन कितीही सुंदर असो, खाली ठेवा आणि उठा. सगळं ठीक आलं तरी बिल मागाच. बिल नसेल तर साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, तारीख, किंमत आणि तो पंधरा आकडी नंबर लिहून सही घ्या. हे लिहून द्यायला जो कुरकुर करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरं, जुन्या मालकाचं खातं. विकणाऱ्यानं आपल्यासमोर सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचं गुगल खातं काढावं, मग फोन कोरा करावा. कोरा केल्यावर चालू करताना जुनंच खातं किंवा त्याचा पासवर्ड मागत असेल तर तो फोन आपल्या काही कामाचा नाही. खरा मालक आपला पासवर्ड सांगू शकतो. दुसऱ्याचा उचलून आणलेला असेल तर तिथेच अडतो.

तिसरं, बॅटरी. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, आणि उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू. फोन काचेच्या काउंटरवर पालथा आणि उताणा ठेवून बघा. डुगडुगत असेल किंवा मागची पाठ उचललेली दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे, हात लावू नका. मग अर्धा तास व्हिडिओ चालवून ठेवा. चहा घेईपर्यंत किती टक्के उतरले ते बघा, पाठीला हात लावून बघा. चार्जर लावून वायर हलकीच हलवा. चार्जिंग तुटत असेल तर खोबण ढिली झाली आहे.

चौथं, पडदा. एखादं चिन्ह बोटानं दाबून धरा आणि पडद्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढत न्या. जिथे हातातून सुटतं तिथे स्पर्श मेलेला असतो. पूर्ण पांढरं पान उघडून डाग आणि रेघा बघा.

पाचवं, पाणी. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेजवळ आत एक बारीक पांढरी पट्टी असते. ती लाल किंवा गुलाबी झाली असेल तर पाणी आत गेलेलं आहे. असा फोन आज चालतो, पावसाळ्यात दगा देतो.

सहावं, आवाज आणि रेंज. आपलंच सिम घालून घरी फोन लावा. सासूबाईंना ऐकू जातं का, त्यांचं आपल्याला ऐकू येतं का, दोन्ही बघा. काही जुन्या फोनमध्ये ४जी वरून बोलायची सोय नसते. मग सिम नवं असूनही कॉल लागत नाही, आणि आपण जंगलाला नावं ठेवतो.

शेवटचं, वय. सेटिंगमध्ये अँड्रॉइड कितवं आणि सुरक्षेचं शेवटचं अपडेट कधीचं ते लिहिलेलं असतं. २०२५ पासून अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर व्हॉट्सॲप चालत नाही. ज्याला बरीच वर्षं अपडेट नाही, त्यात बँकेचं काही ठेवू नका, फक्त प्रवचन ऐका.

एवढं सगळं कोण करतं, असं वाटेल. पण आपण पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. माताजींचा आहार असला की शोधाच्या स्वयंपाकात गव्हाचा एकेक दाणा बघतो. मग पाच हजारांची वस्तू घरात घेताना तासभर बसायला काय हरकत आहे?

आणि आपण विकायला बसलो की हेच उलट बाजूनं. आमचा एक फोन मागच्या वर्षी विकला, त्याचा स्पीकर अधूनमधून बंद पडायचा. मी आधीच सांगितलं. गिऱ्हाईकानं चारशे रुपये कमी केले. ते गेले याचं सुख आहे.

सासूबाई सध्या त्या पाच हजार दोनशेच्या फोनवर रोज सकाळी प्रवचन ऐकतात. त्याच्या कव्हरात मी एक चिठ्ठी ठेवली आहे, त्यावर आमचा पत्ता आणि माझा नंबर. कधी हरवला आणि कोणाच्या हाती लागला, तर त्या बाईला कव्हर काढल्यावर ती दिसेल. पुढचं तिच्या हातात.

जय जिनेंद्र.