राग कोणावर निघेल?

9 जानेवारी 2024, मंगळवार

बीड जिल्हा, धारूर तालुका. गाव निम्मं ओस. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला गेल्या. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. मागे उरलीत म्हातारी माणसं, त्यांच्या हवाली केलेली पोरं आणि दारांना कुलपं.

तिमाही अहवालासाठी आले आहे. आमच्या तक्त्यात एक रकाना आहे: महिला व मुलींवरील हिंसा, प्राप्त तक्रारी. या पट्ट्यातल्या सगळ्या गावांसमोर शून्य. तक्रारपेटी बघायची म्हटलं. ती ग्रामपंचायतीत, सरपंचांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर. खुर्चीत सरपंचबाईंचे यजमान. किल्ली सापडेना. शिपायाने ग्रामसेवकाकडे बोट दाखवलं, ग्रामसेवकाने शिपायाकडे. शेवटी उघडली तेव्हा आत गुटख्याच्या पुड्या आणि एक जुनं वीजबिल. यजमान म्हणाले, "म्याडम, आपल्या गावात तसलं काही नसतं."

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी साधारण चौघींत एकीने नवऱ्याकडून झालेली हिंसा सांगितली. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती शंभरात अवघ्या 14 जणींनी. तेव्हा हा शून्य पेटीचा आहे. गावाबद्दल तो काहीच सांगत नाही.

12 जानेवारी, शुक्रवार

महिला बचत गटाची बैठक देवळाच्या ओसरीत. गावात होत्या तेवढ्या बायका आल्या. अंतर्गत कर्ज, हप्ते, सह्या, अंगठे. शंभर टक्के वसुली हा या गटाचा मान. मागच्या वर्षी तालुक्याला सत्कारही झालेला. वसुली कशी करता, असं विचारलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हप्ता थकला की आम्ही सगळ्याजणी तिच्या दारात जाऊन बसतो. पैसे घेतल्याबिगर उठतच नाही." सगळ्या हसल्या. एक जण हसली नाही.

चपला घालताना ती माझ्याजवळ आली. हलकेच म्हणाली, "कर्ज माझ्या नावाचं, पैशाला हात त्यांचा. बायका दारातून उठून गेल्या की दार लागतं, तै. मग माझी वसुली होती."

नाव लिहीत नाही. या वहीतही नाही.

आमच्या बाजूने यात कुठे काही चुकल्यासारखं दिसत नाही. गट स्थापन, कर्ज वाटप, परतफेड वेळेवर, सगळ्या रकान्यांत हिरवा रंग. फक्त एक प्रश्न कोणी विचारलेला नाही, आणि तो कुठल्याच नमुन्यात नाही. आम्ही बाईला सांगतो ते तिने केलं तर त्याचा राग कोणावर निघेल? यापुढे प्रत्येक कामासमोर हा प्रश्न लिहायचा.

17 जानेवारी, बुधवार

निधी देणाऱ्यांशी ऑनलाइन बैठक. महिला-मुलींवरील हिंसेविरुद्धच्या धोरणाचा कागद सुबक आहे, सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. एकाने विचारलं, "आपण कर्ज आणि शेतीचं काम करतो. आपल्या कार्यक्रमात हा धोका येतो कुठून?"

मी युगांडाचं सांगितलं. कामवेंगे ते फोर्ट पोर्टल रस्ता, पैसा जागतिक बँकेचा. रस्त्यावरच्या कामगारांनी आसपासच्या अल्पवयीन मुलींचं लैंगिक शोषण केलं. तक्रारी होत राहिल्या, काम चालू राहिलं. अखेर डिसेंबर 2015 मध्ये बँकेने त्या प्रकल्पाचा निधीच रद्द केला, आणि त्यानंतर कंत्राटांत या विषयाच्या अटी येऊ लागल्या. रस्ता आला तो विकास म्हणून, आणि त्याची किंमत शाळेत जाणाऱ्या पोरींनी मोजली.

"आपण रस्ते बांधत नाही," असं उत्तर आलं. खरं आहे. पण 2002 साली गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन इथल्या निर्वासितांच्या छावण्यांतून जे बाहेर आलं त्यात रस्ता नव्हता, धान्य होतं. वाटप करणारेच मुलींकडून शरीराची किंमत घेत होते. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यावर नियम केले. यादीत नाव घालायचा अधिकार ज्याच्या हातात, त्याच्या हातात धोका असतो. आमच्याकडेही याद्या आहेत, त्या घेऊन घरोघर जाणारी माणसं आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध बोलायचं तर पेटी सरपंचांच्या खुर्चीमागे आहे.

25 जानेवारी, गुरुवार

उद्या ग्रामसभा, म्हणून आज महिला सभा. कायद्याने ती आधी घ्यावी लागते. इथे ती रजिस्टरमध्ये होते. शिपाई वही घेऊन दारोदार फिरतो, बायका चुलीपासून उठून सही करतात आणि परत चुलीकडे जातात. आज गटाच्या बायकांनी हट्ट धरला, शाळेच्या वर्गात बसल्या. विषय काढला तो त्यांनीच: हातपंपाकडे जाणाऱ्या वाटेवरचा दिवा आणि त्या वाटेवर संध्याकाळी बसणारी पोरं.

हिंसा हा शब्द कोणी काढला नाही. दिव्याचा ठराव झाला. आमच्या तक्त्यात दिवा पायाभूत सुविधेत जाईल. मी तो हिंसेच्या रकान्यातही लिहिणार आहे.

31 जानेवारी, बुधवार

आमच्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंचा सकाळीच फोन. गावातली दहावीची मुलगी, आईबाप ऊसतोडीला, ती आजीजवळ. टोळ्या परतल्या की लग्न, बोलणी झालेली. यात नवल काहीच नाही. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी सुमारे 44 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं; राज्याचा आकडा 22 टक्क्यांच्या आसपास. मुलगी घरी एकटी सोडवत नाही आणि फडावर नेववत नाही. शिवाय मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. लग्न झालं की नवा कोयता तयार.

प्रशिक्षणात आम्ही ताईंना शिकवलंय: बालविवाह दिसला की थांबवा. ताई त्याच भावकीतल्या. त्यांची पिठाची गिरणी त्याच गल्लीत.

भंवरीदेवींची आठवण आली. राजस्थानातलं भटेरी गाव. युनिसेफच्या साहाय्याने सुरू झालेल्या सरकारी महिला विकास कार्यक्रमात त्या साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या. तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायला गेल्या, ते त्यांचं नेमून दिलेलं काम होतं. 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये आरोपी सत्र न्यायालयातून बलात्काराच्या आरोपातून सुटले. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर 1997 चा विशाखा निकाल आला आणि पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा. आज आमच्या कार्यालयात त्या कायद्याचा फलक आहे. पण तो जन्मला एका विकास कार्यक्रमाच्या कार्यकर्तीवर काय ओढवलं त्यातून, हे प्रशिक्षणात कोणी सांगत नाही.

तर असं ठरवलं: ताईंनी कुठेही जायचं नाही. 1098 या बालमदत क्रमांकाला फोन कार्यालयातून. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो, त्याला लेखी पत्र. तो पोलिसांना घेऊन ज्या दिवशी जाईल त्या दिवशी ताई तालुक्याला आमच्या बैठकीत. हजेरीपटावर सही वेळेसकट.

8 फेब्रुवारी, गुरुवार

मुंबईहून सर्वेक्षणाचा नमुना आला. प्रत्येक घरी, प्रत्येक बाईला मारहाणीचे प्रश्न. इथे मुलाखत होते ती ओट्यावर. शेजारी सासू तांदूळ निवडत असते, दीर मोबाइल बघत असतो. राष्ट्रीय सर्वेक्षणातसुद्धा हे प्रश्न एका घरात एकाच बाईला आणि ती एकटी असतानाच विचारतात. एकांत मिळाला नाही तर सोडून देतात. तसं लिहून नमुना परत पाठवला. आकडा मिळेल, पण संध्याकाळी त्याची भरपाई तिला करावी लागेल.

त्याच टपालात दुसरी सूचना: हंगामात बाहेर गेलेल्या सभासदांना निष्क्रिय दाखवा. म्हणजे पाचटाच्या कोपीत, दाराविना, उजाडायच्या आत अंघोळ उरकणारी बाई आमच्या हिशेबात नाहीच. तिला गरज असते ती याच महिन्यांत. 2013 च्या कायद्यात असंघटित कामगार बाईसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती आहे. पण ती ज्या जिल्ह्यात ऊस तोडते तिथल्या समितीचा फोन तिला देणार कोण? गटाच्या सचिवांना सांगितलं, गेलेल्यांशी फोन चालू ठेवा, खर्च आमचा.

16 फेब्रुवारी, शुक्रवार

रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. गटाने विधवांनाही बोलावलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, त्याची बातमी इथवर आली आहे. दोघी आल्या, एक दारातून परत गेली.

मी वाणासोबत 181 या मदत क्रमांकाचं कार्ड द्यायचं म्हणत होते. बायकांनी मोडीत काढलं. "पुडी घरात सगळेच उघडतात." मग त्यांनीच तोड काढली. गटाच्या पासबुकात शेवटच्या पानावर फोन नंबर असतात: बँक, गॅस, जनावरांचा डॉक्टर, लाइनमन. त्यातच डॉक्टर आणि लाइनमनच्या मधे 181. खाली संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर, नावाशिवाय.

28 फेब्रुवारी, बुधवार

गटाचे नवे नियम पक्के झाले. थकबाकीदाराच्या दारात बसायचं नाही. पहिला हप्ता चुकला तर गटाच्या राखीव निधीतून भरायचा आणि मुदत वाढवायची. मोठं कर्ज मंजूर होताना नवऱ्यालाही बैठकीत बसवायचं, पैसा कशाला आणि फेडणार कोण हे सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं. एक नवरा कुरकुरला, "कर्ज तिचं, मला कशाला?" अध्यक्षबाई म्हणाल्या, "मोटारसायकल कुणाची आली व्हती मागल्या कर्जात?"

दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो प्रांतात कर्जाच्या बैठकीतच नातेसंबंध, मारहाण, एचआयव्ही या विषयांची सत्रं जोडली होती. दोन वर्षांत जोडीदाराकडून होणारी हिंसा निम्म्याहून खाली आली. 2006 मध्ये तो अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला. तिथे बोलायला वेगळी सभा, वेगळं निमित्त लागलं नाही. ज्या दिवशी बाई पैशासाठी घराबाहेर पडतेच, त्याच दिवशी बोलणं झालं. आमच्याकडे हा विषय वर्षातून एकदा, चहा-बिस्किटांसह दोन दिवसांच्या प्रशिक्षणात उरकतो.

4 मार्च, सोमवार

अहवाल गेला. रकान्यात आता शून्य नाही. दुपारी फोन: "तक्रारी वाढल्यात. परिस्थिती बिघडली का? कार्यक्रमाची प्रतिमा..." मी विचारलं, आधीचा शून्य पाहून कोणी फोन का केला नव्हता. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग लेखी खुलासा मागितला.

खुलाशात लिहिलं: तक्रार आली याचा अर्थ कोणीतरी आपल्यावर भरवसा ठेवला. त्या मुलीचं लग्न सध्या थांबलं आहे, वडिलांनी हमीपत्र दिलं आहे, पण टोळ्या परतायच्या आहेत. ताईंची गिरणी चालू आहे, गिऱ्हाईक मात्र कमी झालं आहे. ते नुकसान कार्यक्रमामुळे झालं, तेव्हा ते कार्यक्रमाने सोसावं. कार्यकर्तीने अशा कामाला एकटीने जाऊ नये, दोघींचा प्रवासखर्च धरावा. तक्रारपेटी काढून टाकावी.

अंदाजपत्रकात नवे पैसे नाहीत असं कळवलं गेलं. म्हणून 8 मार्चच्या मेळाव्याचे फ्लेक्स, मंडप आणि पाहुण्यांची शाल-श्रीफळं काढून ती रक्कम प्रवासखर्चात आणि गिरणीच्या भरपाईत टाकली आहे. मंजुरी यायची आहे.