गेम कन्सोलचा घरगुती हिशोब आणि दुसरा कंट्रोलर

"आपल्या पोरांना पुस्तकं हवीत, पन्नास हजारांचं खेळणं कशाला?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात आम्हाला विहारात विचारला गेला, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला, आणि एकदा तर मातीला जाऊन परतताना रिक्षात. विचारणारे आपलेच लोक. आयुष्यभर पोटाला चिमटा काढून पोरं शिकवलेली माणसं. त्यांना हसून टाळणं आम्हाला पटत नाही. उत्तर द्यायचं तर हिशोबाच्या वहीसकट दिलं पाहिजे.

आधी तत्त्वाचं बोलू, ते थोडक्यात संपतं. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा जाब विचारणारं बाबासाहेबांचं पुस्तक १९४५ सालचं. त्यात गांधीवादाची चिरफाड करताना त्यांनी यंत्रांची बाजू घेतली आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन शक्य नाही, असा तो युक्तिवाद आहे. ही फुरसत मूठभरांची मिरास असू नये, लोकशाही समाजाने ती प्रत्येक नागरिकाला दिली पाहिजे, हेही त्यात आलं. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले. वरच्या आळीतल्या पोराने गेम खेळला तर त्याला छंद म्हणायचं आणि वस्तीतल्या पोराने खेळला तर उधळपट्टी, हा न्याय निदान आपण तरी स्वीकारू नये. शिवाय ज्यांना आपण कर भरत नाही असं वाटतं त्यांच्यासाठी एक आकडा: व्हिडिओ गेम कन्सोलवरचा जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे ५४,९९० रुपयांच्या कन्सोलमध्ये सुमारे ८,४०० रुपये कर आहे. तो आम्हीही तेवढाच भरणार.

पण फुरसतीचा हक्क मान्य केला म्हणून पाकीट फुगत नाही. आम्ही दोघं नोकरी करतो, एक खासगी कंपनीत आणि एक दवाखान्यात परिचारिका. घरात आजी, नववीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. दोन खोल्या. आपल्या घरांचं खर्चाचं कॅलेंडर कंपन्यांच्या सेलच्या कॅलेंडरशी जुळत नाही, हे मित्रांनो तुम्हालाही ठाऊक आहे. दिवाळीच्या ऑफर येतात तेव्हा आमचा ऑक्टोबर दीक्षाभूमीच्या प्रवासात गेलेला असतो. एप्रिल जयंतीचा, वर्गणी आणि पाहुण्यांचा. जूनमध्ये फी आणि वह्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलं की पुस्तकांची पिशवी भरल्याशिवाय परतायचं नाही, हा घराचा नियम. म्हणून वहीत पहिली नोंद अशी केली की पुस्तकं, फी, वर्गणी आणि आजीची औषधं या चार रकमांना हात लागणार नाही. जे उरेल त्यात बसलं तर कन्सोल, नाहीतर नाही. पुस्तक की खेळ, असा सामना लावणाऱ्यांना आमचं उत्तर इथेच आहे: पुस्तकाचा रकाना वेगळा आहे आणि तो भरलेला आहे.

आता यंत्राकडे येऊ. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० आणि बिनडिस्कच्या डिजिटलची ३९,९९० होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्ही पाच-पाच हजारांनी वाढल्या. २०२४ मध्ये स्लिम आला तेव्हा त्याचीही किंमत ५४,९९० आणि ४४,९९० होती. एक्सबॉक्स सिरीज एस नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० ला आला, त्यालाही डिस्क नाही. निन्टेंडोची भारतात अधिकृत विक्री नसल्याने स्विच बाहेरून आणलेला मिळतो आणि बिघडला तर दाद मागायला जागा नाही. तो आम्ही पहिल्याच रात्री खोडला.

मुलाचं मत डिजिटलला. दहा हजार वाचतात, हे त्याचं गणित सरळ होतं. मुलीने विचारलं, "पण गेम आणायचा कुठून?" एकेक मोठा गेम ५० ते १०० जीबीचा. आमच्या मोबाइलला रोजचे २ जीबी. ८० जीबीचा गेम उतरवायला ४० दिवस लागतील, आणि त्या ४० दिवसांत कुणी फोनवर काही पाहायचं नाही. म्हणजे बिनडिस्कचं यंत्र घ्यायचं तर घरात ब्रॉडबँड असल्याचं गृहीत धरावं लागतं. ज्याच्या घरात ते आहे त्याला हा खर्च दिसतच नाही. ज्याच्या घरात नाही त्याला तो पेटी उघडल्यावर दिसतो. डिस्क असली तरी अपडेट उतरवावे लागतात, हे खरं. ब्रॉडबँड घ्यायचंच ठरलं, महिना ५०० धरून. त्यावर मुलीने अशी हरकत घेतली की ती त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ बघणार, तेव्हा निम्मी रक्कमच खेळाच्या खात्यात टाका. हरकत मंजूर झाली. आमच्यापेक्षा तिचं हिशोब लिहिणं चांगलं आहे, वही आता तिच्याकडेच असते.

डिस्कचा दुसरा फायदा पैशाच्या भाषेत मांडायला सोपा आहे. सोनीचे नवे मोठे गेम ४,९९९ ला आलेले आहेत. पण डिस्क विकता येते, उसनी देता येते, अदलाबदल करता येते. प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सगळे गेम ५ वर चालतात, आणि वस्तीत तीन घरांत जुना ४ आहे. म्हणजे तीन घरांच्या डिस्क आम्हाला उघड्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला वापरलेल्या डिस्क मिळतात त्या वेगळ्या. डिजिटल गेम मात्र तुमच्या खात्याला बांधलेला, शेजाऱ्याला देता येत नाही. वाटून वापरायची सवय असलेल्या वस्तीत दहा हजार जास्त देऊन डिस्क घेणं आम्हाला फायद्याचं वाटलं.

आणि आता ज्या गोष्टीवर आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळ गेला ती. दुसरा कंट्रोलर. पेटीत एकच येतो. दुसऱ्याची किंमत आम्ही ५,९९० धरली. दुकानदाराच्या यादीत तो "ॲक्सेसरी" म्हणून लिहिलेला होता, हेडसेट आणि चार्जिंग स्टँडच्या रांगेत. पैसे कमी पडले की पहिली कात्री यावरच चालते, "एकच घेऊ, आळीपाळीने खेळतील." आम्ही नात्यातल्या तीन-चार घरांत ही आळीपाळी पाहिली आहे. कंट्रोलर मुलाच्या हातात. बहीण शेजारी बसून बघते. मध्येच उठून पाणी आणते, चहा टाकते, परत येऊन बघते. तिची पाळी येते तेव्हा तो म्हणतो, तुला जमणार नाही, मरशील. दोनदा मरते, मग खरंच जमत नाही म्हणून ती बाजूला होते. कुणी दुष्ट नाही त्या घरात. पण एकच वस्तू असली की ती कुणाच्या हातात राहते, हे आपल्याला शिकवावं लागू नये. मनूवर भाषणं देणाऱ्या घरांतही कंट्रोलर पोराच्याच हातात असतो.

म्हणून आमच्या वहीत दुसरा कंट्रोलर ॲक्सेसरीच्या रकान्यात नाही, यंत्राच्या किमतीत धरला आहे. तो परवडत नसेल तर यंत्रही परवडत नाही, असं समजायचं ठरलं. मुलाला आधी हे रुचलं नाही. मग कळलं की २०२१ चा 'इट टेक्स टू' हा गेम एकट्याने खेळताच येत नाही, दोन माणसं लागतातच. त्यात घटस्फोटापर्यंत आलेलं नवराबायकोचं जोडपं बाहुल्या होऊन एकमेकांना वाचवतं. आजीने गोष्ट ऐकली आणि म्हणाली, मलाही एक द्या की तो दांडका. तिसऱ्या कंट्रोलरची तरतूद मात्र नाही. आजी पाळी लावून खेळेल, आणि आजीच्या पाळीत कुणी तिला "मरशील" म्हणायची हिंमत करणार नाही.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. प्लेस्टेशन ४ चा वापरलेला कंट्रोलर स्वस्तात मिळतो, पण ५ वर तो फक्त ४ चेच गेम खेळू देतो. एक्सबॉक्सवाल्यांचं इथे बरं आहे, एक्सबॉक्स वनचा जुना कंट्रोलर सिरीज एसवर सरळ चालतो. फक्त त्याला दोन पेन्सिल सेल लागतात.

बाकी यादी झपाट्याने निकालात निघाली. हेडसेट नको, मोबाइलचा तारेचा इअरफोन कंट्रोलरला लागतो. चार्जिंग स्टँड नको, केबल पेटीत येते. एचडीएमआय केबलही येते. ४के टीव्ही नको, आहे त्या टीव्हीला एचडीएमआय आहे, पुरे. एक वस्तू मात्र दुकानदाराच्या यादीत नव्हती आणि आम्ही घातली: चांगला सर्ज प्रोटेक्टर, हजार रुपये धरून. आमच्याकडे वीज कशी येते-जाते ते आम्हाला माहीत.

तीन वर्षांचा हिशोब असा. यंत्र ५४,९९०, कंट्रोलर ५,९९०, प्रोटेक्टर १,०००. झाले ६१,९८०. वापरलेल्या डिस्कसाठी वर्षाला ४,०००, म्हणजे १२,०००. ब्रॉडबँडचा निम्मा वाटा ९,०००. वीज महिना १०० धरून ३,६००. यंत्र खेळताना सुमारे २०० वॉट घेतं, म्हणजे पाच तासांना एक युनिट. एकूण ८६,५८०, महिन्याला २,४०५ रुपये. सिरीज एस, जुना कंट्रोलर आणि महिना ५०० चं वर्गणीचं खातं धरून हाच हिशोब ६६,७९० वर येतो. जवळजवळ वीस हजारांनी स्वस्त. ज्या घराला तो झेपतो त्याने तोच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त वर्गणी थांबली की त्यातले गेम थांबतात, हे धरून चालावं. फोर्टनाइट, रॉकेट लीगसारखे फुकट गेम दोन्ही यंत्रांवर वर्गणीशिवाय ऑनलाइन खेळता येतात.

दुकानात आम्हाला नऊ महिन्यांचा "बिनव्याजी" हप्ता देऊ केला. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असं खुद्द रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी असतंच: रोखीची सूट नाकारण्यात किंवा प्रक्रिया शुल्कात. आम्ही विचारलं, रोख दिले तर किती कमी? दुकानदाराने दोन हजार सांगितले. मग बिनव्याजी काय होतं?

तेव्हा हप्ता आम्ही स्वतःलाच लावला. बँकेत १४ महिन्यांची आवर्ती ठेव, महिना ४,५००. यासाठी एक ओटीटी बंद झालं, रविवारचं बाहेरचं खाणं बंद झालं, आणि मुलाने वाढदिवसाचं हॉटेल स्वतःहून सोडलं. दोन्ही मुलांची खाती यंत्रावर लहान मुलांची म्हणूनच उघडायची आणि त्यांची महिन्याची खर्चमर्यादा शून्य ठेवायची, हेही लिहून झालं आहे. गेमच्या आतली खरेदी हा खिशाला पडणारा सगळ्यात गुपचूप भोक आहे.

गेल्या आठवड्यात अकरावा हप्ता गेला. चौदा झाले की व्याज सोडून ६३,००० होतील आणि १,०२० रुपये उरतील. त्यावर मुलीने आधीच वापरलेल्या डिस्कसाठी दावा ठोकला आहे. मुलगा म्हणतो, ते आजीच्या कंट्रोलरसाठी बाजूला ठेवू. अजून निकाल लागलेला नाही.