दोष, खूण आणि वाहक

बी.एस्सी. झाल्यावर आमच्या लेकीने जैववैद्यकीय शास्त्रे हा विषय घेऊन एम.एस्सी. करावयाचे ठरविले, तेव्हा आप्तेष्टांनी आम्हांला विचारलेला प्रश्न एकच होता : 'म्हणजे डॉक्टर नाही होणार?' या प्रश्नातली हळहळ आम्हांला कळत होती, आणि खोटे कशाला बोला, ती थोडीफार आमच्याही मनात होती. आम्ही दोघेही मराठीचे एम.ए. आमच्यांतील एक उल्हासनगरच्या महाविद्यालयात शिकवितो, दुसरी अंबरनाथच्या, राहतो बदलापुरात. विज्ञानाचे आमचे ज्ञान दहावीपाशी थांबलेले. त्यामुळे मुलगी दोन वर्षे नेमके काय शिकणार, हे आम्हांलाच ठाऊक नव्हते, तर इतरांना काय सांगणार!

पुढे हळूहळू थोडे कळू लागले. डॉक्टर रोग्याला तपासतो. हे शास्त्र त्या रोग्याच्या पेशीत, प्रथिनांत आणि जनुकांत काय बिघडले ते शोधते. जैवरसायन, पेशीविज्ञान, रोगप्रतिकारशास्त्र, आनुवंशिकी, संख्याशास्त्र असे विषय तीन सत्रे शिकायचे आणि चौथ्या सत्रात स्वतःचा प्रकल्प करायचा. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटरचे. लेक त्यातली दादरपर्यंतची वाट रोज महिलांच्या डब्यात बहुधा उभ्यानेच कापी, आणि टिपणे वाचीत जाई. रात्री जेवताना तिच्या तोंडी येणारे शब्द आम्ही एखाद्या परभाषेतील कवितेसारखे ऐकत असू. नाद कळे, अर्थ निसटे.

आपल्या समाधानासाठी आम्ही एक दाखला मात्र शोधून ठेवला होता. दुर्गाबाई भागवत आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्यांच्या धाकट्या भगिनी कमला सोहोनी या जैवरसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून सर रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या, तेव्हा अटी घालून तो दिला. तेथे त्यांनी दुधातील आणि डाळींतील प्रथिनांवर काम केले, १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळविली आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. एकाच घरात एक बहीण लोकसाहित्याकडे वळते आणि दुसरी प्रथिनांकडे, हे आठवून आम्हांला बरे वाटे. साहित्य आणि विज्ञान एका छपराखाली नांदू शकतात, असे आम्ही पाहुण्यांना सांगत असू. त्या नांदण्यासाठी आपल्यालाही काही करावे लागेल, हे मात्र ध्यानात आले नव्हते.

चौथ्या सत्रात लेकीने थॅलेसेमिया हा विषय घेतला. गरोदर स्त्रियांच्या रक्तात या आजाराचे जनुक आहे काय, ते हिमोग्लोबिनच्या ए-२ या प्रकाराचे प्रमाण मोजून पाहायचे. हा विषय आमच्या परिसराशी किती जवळचा आहे, हे तिनेच आम्हांला समजावले. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. माणसे घरदार मागे ठेवून आली, परंतु रक्त मागे ठेवता येत नाही. बीटा थॅलेसेमियाचे सदोष जनुक बाळगणाऱ्या माणसांचे प्रमाण देशात सरासरी शंभरात तीन-चार मानतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत ते बरेच अधिक आहे. तथापि ही कोणा एका समाजाची मिरास नव्हे; मराठी घरांतही ते आहे. असे जनुक एकच असले तर माणूस धडधाकट असतो. फार तर किंचित पांढुरका दिसतो, आणि पुष्कळदा त्याला उगाच लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. पण आईबाप दोघांतही ते असले आणि मुलाला दोघांकडून मिळाले, तर त्या मुलाला जन्मभर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते.

एका रविवारी लेकीने आमच्यापुढे इंग्रजीतली तीन पाने ठेवली. ज्या स्त्रियांचे रक्त घ्यायचे, त्यांच्यासाठीचे माहितीपत्रक आणि संमतीपत्र. ते सहभागी व्यक्तीच्या भाषेत असले पाहिजे असा नियम. आणि मराठी मजकूर दुसऱ्या कोणाकडून पुन्हा इंग्रजीत करून घेऊन मूळ अर्थ टिकला की नाही, तेही नैतिकता समितीला दाखवायचे. 'तुम्ही दोघं आहात, म्हणून मला काळजी नाही,' ती म्हणाली.

आम्ही हुरूपाने बसलो. परिभाषा कोश काढले. रात्री उशिरापर्यंत एकेका शब्दावर वाद घातला आणि लिहिले : 'प्रस्तुत संशोधनातील आपला सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून, आपण आनुवंशिक रक्तदोषाच्या वाहक आहात किंवा कसे, याचे निदान करण्यात येईल.' वाक्य निर्दोष होते. लेकीने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, 'छान आहे. पण हे मी वाचून कोणाला दाखवू?'

दुसऱ्या दिवशी तिने ते आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना वाचून दाखवले. त्यांची सून तेव्हा गरोदर होती. मावशी सातवी शिकलेल्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या. त्यांनी लाटणे बाजूला ठेवून सगळे ऐकून घेतले. मग विचारले, 'वाहक म्हणजे कंडक्टर ना? एस.टी.त लिहिलेलं असतं तसं?' आम्ही हसलो. पुढचा प्रश्न आला तेव्हा हसू मावळले. 'रक्तदोष म्हणजे दोष कोणाचा? माझ्या सुनेच्या माहेरचा?'

वीस-बावीस वर्षे आम्ही भाषा शिकवीत आहोत. 'दोष' या शब्दात उणीव आणि अपराध हे दोन्ही अर्थ एकत्र राहतात, हे वर्गात कितीदा सांगितले असेल. आणि तोच शब्द आम्ही एका गरोदर मुलीच्या पदरात टाकायला निघालो होतो. पत्रक फक्त तिच्या हाती जाणार, रक्त प्रथम तिचे घेतले जाणार. मग दोष कोणाच्या नावे लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

त्या आठवड्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. 'रक्तदोष' गेला. 'डाग' तर नकोच. शेवटी 'खूण' या शब्दावर तिघांचे एकमत झाले. 'तुम्हाला आजार नाही. पण या आजाराची खूण तुमच्या रक्तात असू शकते. ती आईकडून येते किंवा वडिलांकडून. ती असण्यात कोणाची चूक नाही.' लेकीने मार्गदर्शकांना विचारले. अर्थ बिघडत नाही, असे त्यांनी सांगितले.

दुसरा पेच गणिताचा. दोघांतही खूण असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक, असे मुळात होते. मावशी म्हणाल्या, 'मग तीन मुलांपर्यंत काही भीती नाही.' लेकीने कपाळाला हात लावला. चूक मात्र मावशींची नव्हती, आमच्या वाक्याची होती. मग आम्ही लिहिले : 'आईने एक नाणे उडवावे, बापाने एक. दोन्हींचा छापा पडला, तर मूल आजारी. पहिल्या खेपेला काय पडले होते, ते नाण्यांना आठवत नाही. प्रत्येक खेपेला नवा डाव.' एवढी गोष्ट आम्हांलाही तोवर नीट कळलेली नव्हती. लेकीचा विषय आम्हांला पहिल्यांदा कळला तो येथे, तिला वाक्य करून देताना.

तिसऱ्या पेचाला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हते. 'आपण केव्हाही नकार देऊ शकता. त्यामुळे आपल्या उपचारांत फरक पडणार नाही,' यावर मावशी म्हणाल्या, 'नाही म्हणू द्यायचं होतं, तर सही कशाला मागता?' आम्ही ते वाक्य सोपे करू शकलो. खरे करणे आमच्या हाती नव्हते. ते दवाखान्यात समोर बसलेल्या माणसाच्या आवाजावर अवलंबून असते, असे लेक म्हणाली. परळला हाफकिन संस्था आहे. तिचे संस्थापक वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना दिली. शौर्याची गोष्ट म्हणून आम्ही ती नेहमी सांगत असू. लेकीने विचारले, 'कैदी हो म्हणाले, ते कोणत्या भाषेत? आणि नाही म्हणता आलं असतं का त्यांना?' या प्रश्नाने ते शौर्य उणे झाले नाही. पण गोष्ट आता आम्हांला पूर्वीसारखी सांगता येत नाही.

पत्रक मंजूर झाले. तीन पानांची दोन झाली होती. लेक अंबरनाथच्या एका प्रसूतिगृहात आठवड्यातून तीन दिवस जाऊन ते बायकांना वाचून दाखवू लागली. मावशींची सूनही तेथेच नाव घातलेली.

एके दिवशी मावशी उशिरा आल्या. म्हणाल्या, 'आज मुलाने रजा टाकली. रक्त द्यायला गेलाय.' आम्ही एकमेकांकडे पाहिले. पत्रकाच्या दुसऱ्या पानावर आम्हीच लिहिले होते : 'तुमच्या रक्तात खूण आढळली, तर तुमच्या पतीचेही रक्त तपासू.' मावशी पीठ मळीत होत्या. थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या, 'दोघांचं बघतात ना. तिची एकटीची कुठे चूक.'

मुलाच्या तपासणीचे काय झाले, हे आम्हांला ठाऊक नाही. लेकीला ठाऊक असावे. ती सांगत नाही आणि आम्ही विचारीत नाही. गुप्ततेचा परिच्छेदही आमच्याच हातचा आहे.

हा लेख छापण्यापूर्वी आम्ही तो मावशींना आणि त्यांच्या सुनेला वाचून दाखवला, आणि हवे तर नाही म्हणा, असेही सांगितले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सुनेने सगळे ऐकून घेतले आणि एक ओळ काढायला सांगितली. ती काढली आहे.